पान सदतीसखालचा त्रिकोण

'पुस्तकात काहीही लिहू नये' अशी पाटी आमच्या वाचनालयात तीन ठिकाणी लावलेली आहे. तिन्ही पाट्या मीच रंगवल्या. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मी शाळामास्तरांना ऐकवलंय, कडेला 'वा!' लिहिलं म्हणून एका वकिलाला रबर देऊन समोर बसवलंय. आणि गेल्या काही वर्षांत आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांत सगळ्यांत जास्त कोणी लिहिलं असेल, तर मी. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ती हा अंक वाचते, त्यामुळे तिला आता कळेलच.

मी पारोळ्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. अठरा वर्षं झाली. त्याआधी जळगावात एका पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर होतो. तिथे मला दिनकर लळिंगकर सापडले. म्हणजे त्यांची पुस्तकं सापडली. लळिंगकर तोवर वारलेले होते. धुळ्याला कोषागारात कारकुनी करून त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पाचही लढायांवरच्या, एकाच गोलंदाजाच्या, म्हणजे तोफ डागणाऱ्या येसूच्या. 'दारूकोठाराचा पहारा', 'चाळीस बैलांची तोफ', 'वेढ्यातलं पीठ', 'चारा आणि चौथाई' आणि 'माघारीचा नगारा'. पाच पुस्तकांत मिळून राजा एकदाच दिसतो, तोही पाठमोरा. बाकी सगळं चिखल, चारा, ओली दारू, फाटके जोडे. लढाई सुरू होईपर्यंत येसूची माणसं इतकी दमलेली असतात की शत्रू दिसल्यावर त्यांना हायसं वाटतं. मला हे वाचून असं झालं होतं की रस्त्यात माणसं थांबवून सांगावं. पण मी रस्त्यात माणसं थांबवणारा माणूस नाही. म्हणून ग्रंथपाल झालो.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी समितीच्या मागे लागून पाचही पुस्तकं घेतली. एकही गेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्रंथपालाने 'हे छान आहे' म्हटलं की वाचक नेतो. उलट आहे. मी 'छान आहे' म्हटलं की वाचक पुस्तक जागेवर ठेवतो. त्याला वाटतं, ह्यांना खपवायचंय. शिफारस करायची ती न केल्यासारखी करावी लागते. 'हे तुम्हाला जड जाईल' म्हटलं की वकील नेतात. 'कालच एकजण विचारून गेला' म्हटलं की बाकी सगळे नेतात. आणि लळिंगकरांचा पहिला भाग कधीही आधी द्यायचा नाही. त्यात सुरुवातीची साठ पानं किल्लेदाराच्या घराण्याची हकिगत आहे. येसू जन्मायच्या आत वाचक पुस्तक परत आणतो. द्यायचा तो दुसरा भाग. पहिल्याच पानावर ओढ्याच्या उतारावर तोफ रुतलीय, चाळीस बैल हटून बसलेत, आणि वरून पाऊस. आमच्या भागात बैल हटून बसलेला सगळ्यांनी बघितलाय. माणूस पुढे वाचतोच.

पण त्यासाठी त्याने पुस्तक हातात तर घ्यायला हवं. इथे माझ्या पहिल्या गुन्ह्याची सुरुवात होते.

सातआठ वर्षांपूर्वी समितीने ठराव केला: जी पुस्तकं तीन वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत, ती काढून टाकायची. यादी मलाच करायला सांगितली. यादीत लळिंगकर पाचही. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी डकवलेली असते, पुस्तक नेलं की तिच्यावर शिक्का मारतात. लळिंगकरांच्या चिठ्ठ्या कोऱ्या पांढऱ्या. शिक्का माझ्या हातात, पॅड टेबलावर, वाचनालयात चिटपाखरू नाही. मी मारले. एका बैठकीत नाही, थोडे थोडे. काही ठळक, काही पुसट, एक उलटा. उलटा मारल्यावर फारच खरं वाटायला लागलं.

आमचे वाचक पुस्तक मागून उघडतात. आधी चिठ्ठी बघतात, किती जणांनी नेलंय, मग कव्हर. पण चिठ्ठी भरलेली आणि पुस्तक कोरं करकरीत, हे दिसायला बरं दिसेना. मग मी चहा सांडला. एकदोन ठिकाणी तेलाचं बोट लावलं. पुस्तकं बांधायला आमच्याकडे युसूफभाई येतात. त्यांचं दुकान बाजारपेठेत, वडिलांपासून बाइंडिंगचं काम. त्यांनी दुसरा भाग हातात घेतला, उघडला, मिटला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "भाऊ, दाग तो बढ़िया है. लेकिन सिलाई कोरी है. पढ़ी हुई किताब दाग से नहीं, सिलाई से पहचानते." त्यांनी पुस्तक मधोमध उघडून टेबलावर पालथं घातलं आणि वर हाताचं कोपर ठेवून चहा प्यायले. पाचही पुस्तकांना पाच कप. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, मीही नाही.

तरीही एक गोष्ट राहिली होती. खुणा.

वाचनालयात न जाणाऱ्यांना हे सांगायला हवं. नियमाने वाचणारा माणूस महिन्याला दहाबारा पुस्तकं नेतो. कुठलं वाचलंय, कुठलं नाही, हे त्याच्या लक्षात राहत नाही. घरी नेऊन पन्नास पानं वाचल्यावर कळतं की खुनी तर आपल्याला माहीत आहे. म्हणून प्रत्येकाची एक गुप्त खूण असते, ठरलेल्या पानावर. एक कंपाउंडर एकविसाव्या पानाच्या आकड्याला गोल करतात. एक बाई शेवटच्या पानावर टिकली चिकटवतात. गुप्त म्हणायचं एवढंच. सगळ्या गावाला सगळ्यांच्या खुणा पाठ. नवीन वाचक पुस्तक घेताना मला लेखक विचारत नाही. विचारतो, "टिकलीवाल्या बाईंनी वाचलंय का बघा." टिकली असली तर नेतो.

लळिंगकरांत टिकली नव्हती. जिवंत माणसाची खूण चोरायची तर तो माणूस येऊन भांडेल. म्हणून मी जुनी पुस्तकं चाळली आणि एक बेवारस खूण शोधली. सदतिसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक त्रिकोण. माझ्या नोकरीच्या आधीच्या पुस्तकांत तो सगळीकडे होता, आणि जिथे होता ते पुस्तक हमखास चांगलं. जुने वाचक 'त्रिकोणवाला' असं मानाने म्हणत. कोण ते कोणाला माहीत नव्हतं. नंतरच्या पुस्तकांत तो एकदम बंद झाला. मी समजलो, वारला असेल.

मेलेल्या माणसाची सही करावी, तसा मी पाचही भागांत पान सदतीसखाली त्रिकोण काढला. आणि हात चालूच होता म्हणून कडेला चारदोन शेरेही लिहिले, जाणकाराने लिहावेत तसे, कोणाचंही वाटेल अशा बारीक सुट्या अक्षरात.

पुस्तकं चालायला लागली. हे अभिमानाने सांगू नये, पण सांगतो. सावद्याचे एक केळीचे व्यापारी मुलीकडे पारोळ्याला आले होते, त्यांनी दुसरा भाग नेला तो सात महिन्यांनी परत केला. गाडी भरली जात असताना ते वजनकाट्याशेजारी बसून वाचायचे. पुस्तकावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते, जे जन्मात निघत नाहीत. मी ओरडायला तोंड उघडलं, तर मागून युसूफभाई म्हणाले, "ये देखो, असली." एका अक्कांनी 'वेढ्यातलं पीठ' वाचलं आणि पुस्तक टेबलावर आपटलं. लळिंगकरांनी लिहिलेल्या पिठात गडावरची तेवढी माणसं तेवढे दिवस जगूच शकत नाहीत, अकराव्या दिवशी सगळे आडवे होतील, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "ह्या माणूसनी कधी भाकर थापेल नही," म्हणाल्या, आणि चौथा भाग घेऊन गेल्या.

आणि मग आले भास्करनाना.

भास्करनाना महाजन हे कापसाच्या जिनिंग मिलमध्ये वजनावर होते. निवृत्त झाल्यावर सभासद झाले. पहिल्या दिवशी म्हणाले, गोष्टीचं नको, खरं काहीतरी द्या. मी न बोलता दुसरा भाग पुढे केला. चार दिवसांनी आले ते थेट टेबलाशी, पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडलेलं, बोट त्रिकोणावर.

"हाई कव्हय उना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

कोण कधी आला, मला कळेना. मी म्हटलं, कोण?

"मन्हा भाऊ."

मग मला सगळं कळलं, त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं ते असं. त्रिकोण त्यांच्या धाकट्या भावाचा. रघुनाथआबा, शाळेत शिक्षक, तेव्हा इथेच राहायचे, इथलेच सभासद. नानांच्या मुलीच्या लग्नात पत्रिका छापली. पत्रिकेत खाली निमंत्रकांची नावं असतात, त्यात सख्ख्या भावाची जागा दुसरी. आबांचं नाव छापलं गेलं सातवं, चुलतभाऊ आणि दोन साडूंच्या खाली. नानांनी सांगितलं, छापखान्याची चूक. आबा लग्नाला आले, मांडवाच्या दारात अक्षता टाकल्या, पाणीही न पिता गेले. पुढच्या वर्षी मागून बदली घेतली, शिरपूरला. वीसेक वर्षांत दोघांत एक शब्द नाही.

"आणि आता बघा," नाना म्हणाले. चिठ्ठीवरचा, त्यांच्या आधीचा शिक्का त्यांनी दाखवला. त्याच वर्षीचा होता. "अठे येस, पुस्तक लई जास, अन् मन्हा दारवरतून निंघी जास."

खरं सांगण्याची ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "रजिस्टर बघावं लागेल." आमच्या धंद्यात ह्याहून भित्रं वाक्य नाही.

नाना गेल्यावर मी पुस्तक चाळलं. त्या ओढ्याच्या प्रसंगापाशी मी शेरा लिहिला होता: 'उतारावर बैल पुढून ओढावेत. येथे येसूचे चुकले.' माझे वडील शिंपी. मी बैलाला आयुष्यात हात लावलेला नाही. त्या शेऱ्याखाली ठसठशीत अक्षरात उत्तर होतं: 'उतारावर गाडी मागून दोरानं धरतात. पुढून ओढली तर चाक बैलाच्या टाचेवर येतं. तू कव्हा गाडी हाकली रे? तू तर मागं बसून पुस्तक वाचायचा.'

मी रबर काढलं आणि परत ठेवलं.

नाना दुसऱ्या दिवशी आले. रजिस्टरचं विचारलं नाही. म्हणाले, तिसरा द्या. आता मी मनातलं खरं कारण सांगतो. मला नानांची दया आली होती, हे आहेच. पण पंधरा वर्षांत माझ्याकडे येऊन लळिंगकरांचा तिसरा भाग आपणहून मागणारा तो पहिला माणूस होता. मी म्हटलं, बाहेर गेलाय, परवा या. आणि त्या दोन दिवसांत तिसऱ्या भागात आणखी तीन शेरे लिहिले.

असं पुढे चाललं. मी आबा होऊन लिहायचो, नाना वाचून उत्तर द्यायचे. मी लिहिलं, 'वेढ्यात पीठ नंतर संपतं, मीठ आधी.' हे मी अक्कांकडून ऐकलेलं. नानांनी खाली लिहिलं, 'हे खरं. आई असंच म्हणायची.' ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. चौथ्या भागात, चाऱ्यावरून दोन सरदार भांडतात त्या पानावर, लढाईचा काही संबंध नसताना नानांनी विचारलं होतं, 'गुडघे दुखतात का अजून?' आबांचे गुडघे दुखतात की नाही, मला काय माहीत. पुष्कळ विचार करून मी लिहिलं, 'चालतंय.'

पाचवा भाग नानांनी महिनाभर ठेवला. परत दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मी पानं उलटली. दोनशे बाराव्या पानापर्यंत काही नव्हतं. तिथे माघारीचा नगारा वाजलाय, तोफ नेता येत नाही, आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून येसू स्वतःच्या हाताने तिच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रात, खिळा ठोकतो. त्या पानाच्या खाली नानांनी लिहिलं होतं:

'पत्रिकेत तुझं नाव छापखान्यानं खाली टाकलं नव्हतं. साखरपुड्याला तू आला नाहीस म्हणून मी टाकायला सांगितलं. भास्कर.'

ह्याचं उत्तर मी लिहू शकत नव्हतो. पीठ-मिठाबद्दल खोटं लिहिणं वेगळं. नाना दर दोन दिवसांनी यायचे, वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पाचवा भाग कपाटात जागेवर आहे का, तेवढं बघून जायचे. चौदा दिवस मी हे बघितलं. पंधराव्या दिवशी रजा टाकली, पुस्तक पिशवीत घातलं आणि धुळ्याला गाडी बदलून शिरपूर गाठलं.

रघुनाथआबा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. बारीक, ताठ, मास्तरी चष्मा. मी सांगितलं, पारोळ्याच्या वाचनालयातून आलोय, जुन्या सभासदांना पुस्तकं पोचवण्याची योजना आहे. अशी योजना नव्हती. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि परत दिलं. लढायांचं ते वाचत नाहीत म्हणाले. मुलांना चाळीस वर्षं सनावळ्या शिकवल्या, आता नको. हजारो माणसं मरतात आणि शेवटी चित्र राजाचं.

इतकी वर्षं मी ह्याच धंद्यात होतो, पण कोणाला पुस्तक घ्या म्हणून एवढा कधी बोललो नव्हतो. मी सांगितलं, ह्यात राजा पाठमोरा आहे. सांगितलं की ह्यात एक माणूस रात्रभर ओल्या दारूला वारा घालत बसतो आणि सकाळी लढाईच होत नाही. सांगितलं की येसूला शत्रूपेक्षा स्वतःच्या जोड्याची जास्त भीती वाटते. मी बोलतच राहिलो. आबांनी शेंगा सोलणं थांबवलं.

"पण हा पाचवा भाग आहे," ते म्हणाले. "पहिला कुठे आहे?"

मी म्हटलं, पाचव्यापासून वाचला तरी चालतो.

"मी मास्तर आहे. मी पाचवीपासून शाळा सुरू करत नाही."

पुन्हा धुळे, पुन्हा पारोळा. पुढच्या आठवड्यात पहिला भाग घेऊन गेलो. रबराने त्रिकोण आणि माझे शेरे खोडून. त्या साठ पानांनी ते आपटतील ही माझी खात्री होती. आठ दिवसांत फोन आला: वंशावळ उत्तम, दुसरा आणा. असा वाचक मी जन्मात बघितला नव्हता.

दुसऱ्या भागातलं मात्र खोडता येईना. माझं खोडलं तर नानांची उत्तरं हवेत राहतात. मी ठरवलं, चारही भाग सोबत न्यायचे, ओट्यावर बसून आधी सगळं सांगायचं आणि मग पुस्तक द्यायचं. पण पाणी आलं, चहा आला, आणि मी तोंड उघडायच्या आत आबांनी सवयीने पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडून खिशातली पेन्सिल काढली. त्रिकोण तिथे होताच.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पान पुढे उलटलं, मागे आणलं. मग आत आवाज देऊन बायकोला विचारलं, हे पुस्तक मी कधी वाचलंय का गं. काकू बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता, मी तेव्हाच म्हटलं डॉक्टरला दाखवा. आबांचा चेहरा उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांची चाचणी घेतलेला माणूस. त्याला वाटलं, आपली पाटी पुसली जायला लागली.

तेव्हा मी सांगितलं. काकूंच्या देखत, सगळं: शिक्के, चहा, त्रिकोण, नाना. माझा आवाज इतका बारीक झाला होता की काकूंनी दोनदा 'काय' विचारलं.

आबा उठून आत गेले. मला वाटलं, काठी आणतील. दुसरा चष्मा घेऊन आले. पिशवीतले बाकीचे तीनही भाग काढायला लावले आणि चारही भागांतले शेरे सलग वाचले, पेपर तपासावा तसे. मध्ये एकदा म्हणाले, "बैलांचं नानाचं बरोबर आहे. माझ्या नावावर काय वाटेल ते लिहिलंय तुम्ही." गुडघ्यांच्या पानावर थांबले, गुडघ्यावरून हात फिरवला, पुढे गेले. मग दोनशे बारावं पान आलं.

ते त्यांनी दोनदा वाचलं. काकूंना दाखवलं नाही. मग पेन्सिलीने खाली लिहिलं आणि पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. गाडीत बसेपर्यंत मी धीर धरला. लिहिलं होतं:

'माहीत होतं. छापखानेवाल्यानं प्रूफ मलाच वाचायला दिलं होतं. बाकीच्या चुका दुरुस्त केल्या. ही चूक नव्हती म्हणून राहू दिली.' आणि खाली त्रिकोण.

नानांनी ते पान आमच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या बाकावर वाचलं. पुस्तक टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि शिरपूरची गाडी किती वाजता, ते मला विचारलं.

इथे ही हकिगत संपवली असती तर मी बरा माणूस ठरलो असतो. पण भाऊ भेटल्यावर बोलणार काय? वीस वर्षांचं राहिलेलं बोलायला दोघांनाही जड. सोपं होतं ते लळिंगकर. नाना महिन्यातून एकदा शिरपूरला जायचे आणि पहिला प्रश्न असायचा, तू ते बैलांचं काय लिहिलंस? आबांनी त्यांना खरं सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी माझी बाजू घेतली. माझा प्रत्येक अडाणी शेरा आबा दोन वर्षं प्राणपणाने लढवत होते. दुपारी मला फोन यायचा, "अहो, चौथ्या भागात घोड्याच्या नालांबद्दल तुम्ही काय लिहिलंय? नाना आलाय. तो हात धुतोय तोवर सांगा." मी सांगायचो. पलीकडून उसासा यायचा, "हे कसं काय सिद्ध करू मी?" आणि मग लांबून त्यांचा ठणठणीत आवाज ऐकू यायचा, नाना, तुला घोड्यातलं काय कळतं.

हे असंच चाललं असतं. पण यंदा वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी नानांनी समितीपुढे सूचना मांडली: माझा भाऊ शिरपूरहून पारोळ्याला येऊन, वर्षानुवर्षं, कोणाला न सांगता इथली पुस्तकं वाचत होता. अशा वाचकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. समितीला फारच आवडलं. अध्यक्षांनी मला सांगितलं, महाजन सरांनी नेलेल्या पुस्तकांची यादी रजिस्टरमधून काढा, व्यासपीठावर वाचून दाखवू.

रजिस्टरमध्ये एकही नोंद नव्हती. रजिस्टर माझ्यापुढे, पेन हातात. खोट्या नोंदी करायला एक दुपार पुरली असती, आणि शिक्क्यांचा सराव होताच. मी दोन ओळी लिहिल्याही. मग पेनचं टोपण लावलं आणि नानांच्या घरी गेलो.

नाना खाटेवर पडले होते. मी उभ्याउभ्या सांगितलं. ते उठून बसले. मी थांबल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, कापसाचं वजन घ्यावं तसं.

"बैलनं तू लिखं?"

हो.

"मिठनं?"

हो.

"गुडघानं?"

मी मान हलवली.

"अन् परूफनं?"

ते आबांनी लिहिलं, म्हटलं. माझ्यासमोर, शिरपूरला, ओट्यावर.

घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला, पुन्हा चालू झाला. मला वाटत होतं, ते म्हणतील, चालता हो. मी त्याला तयार होतो. खरं तर मी त्यासाठीच आलो होतो.

"म्हणजे दोन वरीस तो तुन्हा अडाणीपणा सांभाळी राहिना," नाना म्हणाले. "माले भांडाले काहीतरी पाहिजे म्हणीसन."

आबांनी खरं का सांगितलं नाही, हे मला इतक्या उशिरा, नानांकडून कळलं.

सत्काराचं नानांनीच समितीला सांगून रद्द केलं; गैरसमज झाला होता, एवढंच म्हणाले. आबांना फोनही त्यांनीच केला. संध्याकाळी आबांचा मला फोन आला. मी नमस्कार म्हणायच्या आत ते म्हणाले, "सुटलो बुवा," आणि ठेवून दिला.

नानांनी मला माफ केलं का, माहीत नाही. ते अजून येतात, वर्तमानपत्र वाचतात, माझ्याशी कामापुरतं बोलतात. हा लेख लिहू का, म्हणून विचारलं तर म्हणाले, लिही, पण आमचं गावातलं हसू होणार नाही असं बघ. मला ते कितपत जमलं, तेच सांगतील. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. दोनशे बारावं पान.

वाचनालयाचं पुस्तक फाडणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. दारं लावल्यावर मी पट्टी घेतली, पान शिवणीजवळ अगदी सरळ कापलं आणि दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून नानांना दिलं. त्यांनी ते उघडून बघितलं नाही.

गेल्या महिन्यात एक नव्या बाई सभासद झाल्या, कन्याशाळेत शिकवतात. त्यांना मी दुसऱ्या भागापासून सुरू करून दिलं होतं. त्या पाचव्यापर्यंत पोचल्या. परवा तणतणत आल्या. ऐन मोक्याला पान गायब. इतक्या पाट्या लावता, म्हणाल्या, आणि कोणीतरी पान कापून नेतं. असल्या माणसाला काय म्हणावं? कोण आहे, तुम्हाला माहीत तरी आहे का?

मी म्हटलं, "मीच."

त्या हसल्या. इतकी वर्षं मी गप्प राहिलो ते उगाचच, असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, बरं, त्या पानावर होतं काय. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं. नगारा वाजतो. बैल पुढे गेलेत. येसू तोफेच्या कानात खिळा ठोकतो, आणि ज्याच्याशी त्याचं सबंध चौथ्या भागात वाकडं होतं, तो भिका परत फिरून येतो आणि काही न बोलता मशाल धरतो.

बाईंनी पाचवा भाग पुन्हा उघडला. "पण पुढच्या पानावर तर भिका आधीपासूनच तिथे आहे," म्हणाल्या. "तो कधी परत आला, ह्याचाच मी दोन दिवस विचार करतेय."

"तेच त्या पानावर होतं," मी म्हटलं.